वहीतलं हृदय

हो की नाही, एवढंच विचारणारा एक्सेलमधला एक रकाना माझं जवळजवळ अर्धं वर्ष खाऊन गेला. रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं ‘रामस’. समोरच्या माणसाच्या हृदयावर धमनीची ही फांदी असेल तर १, नसेल तर ०.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी सोलमधल्या एका मोठ्या रुग्णालयात वर्षभराच्या फेलोशिपवर गेले. मी रेडिओलॉजिस्ट. तिथे माझ्या वाट्याला आलेलं काम ऐकायला अगदी सोपं होतं. कोरियन प्रौढांच्या कॉरोनरी सीटी अँजिओग्राफीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या सीटी चित्रणाच्या, जुन्या तपासण्या एकेक करून उघडायच्या आणि प्रत्येकाच्या हृदयाच्या धमन्या कुठून निघतात, कुठे वळतात, त्यांना किती फांद्या फुटतात, याची नोंद करायची. ब्लॉकेज मोजायचे नाहीत, कॅल्शियम मोजायचं नाही. फक्त रचना.

सांगलीला फोनवर हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, “म्हणजे ज्यांना काही झालेलंच नाही त्यांच्या हृदयात तू वर्षभर काय बघणार गं?”

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते नीट माहीत नव्हतं.

मात्र एक जुनं दुखणं माझ्याकडे होतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये आमच्या टेबलाला आलेल्या हृदयात डावी मुख्य धमनी सापडेना. पुस्तकाप्रमाणे महाधमनीच्या मुळाशी असलेल्या डाव्या खळग्यातून एक आखूड खोड निघतं आणि पुढे त्याचे दोन भाग होतात. एक हृदयाच्या पुढच्या खाचेतून टोकाकडे उतरतो, ती एलएडी. दुसरा डावीकडून मागे वळसा घेतो, ती सरकमफ्लेक्स. आमच्या ट्रेमधल्या हृदयात खोडच नव्हतं. दोन्ही धमन्या शेजारशेजारच्या दोन भोकांतून सरळ महाधमनीतूनच निघाल्या होत्या. मी जर्नलमध्ये लाल पेन्सिलीने जसं दिसलं तसं काढलं. डेमॉन्स्ट्रेटर मॅडमनी त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘पुस्तकाप्रमाणे काढणे.’ मी खोड काढलं, सही मिळाली.

सोलच्या रिपोर्टिंग रूममध्ये, म्हणजे त्यांच्या ‘पान्दोकशिल’मध्ये, पहिला आठवडा नुसता याद्या लावण्यात गेला. नैतिक समितीची परवानगी आमच्या प्राध्यापकांनी आधीच काढली होती. नावं आणि नागरिक क्रमांक पुसून प्रत्येक तपासणीला नवा नंबर दिलेला. उरलं होतं फक्त वय आणि लिंग. वयातही गंमत होती. कोरियात पूर्वी जन्मताच मूल एक वर्षाचं धरायचे आणि एक जानेवारीला सगळ्यांचंच वय एकेकाने वाढायचं. जून २०२३ मध्ये कायद्याने सरकारी कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय पद्धत पक्की केली, तरी तोंडी सांगताना लोक अजून जुनंच वय सांगत. आम्ही जन्मतारखेवरून काढलेलं वय घेतलं. बायपास झालेले, स्टेंट असलेले, जन्मजात हृदयरोगाची शस्त्रक्रिया झालेले आणि ज्यांचं चित्र हललेलं आहे असे सगळे गाळले.

चित्र हलणं म्हणजे काय हे कळायला एकदा सीटीच्या खोलीत उभं राहायला हवं. हृदय थांबत नाही, आणि आपल्याला तर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे काप हवे असतात. म्हणून नाडी साठ-पासष्टच्या खाली आणायला बीटा ब्लॉकर देतात, धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, मग धमन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट. अंगातून एकदम गरम लाट गेल्यासारखं वाटतं, ते आधीच सांगून ठेवतात. ईसीजीच्या तालावर मशीन बहुधा दोन ठोक्यांमधल्या विसाव्याची वेळ साधतं. स्पीकरवरून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज येतो, “सुम छामुसेयो.” श्वास रोखा. मी शिकलेलं पहिलं कोरियन वाक्य हे. दुकानात त्याचा काही उपयोग होत नाही.

प्रत्येक तपासणी दोघांनी स्वतंत्रपणे वाचायची, एकमेकींचं उत्तर न बघता. माझी जोडीदारीण कोरियन फेलो होती, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती मला आडनावापुढे ‘सन्सेंगनिम’ लावून हाक मारायची. डॉक्टर तिथे एकमेकांना असंच म्हणतात. शब्दशः अर्थ गुरुजी, पण वापर आपल्या ‘मॅडम’सारखा. प्राध्यापक मात्र ‘क्योसूनिम’. त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायची माझी सवय जायला महिना लागला.

पहिला रकाना वर्चस्वाचा. इंग्रजीतल्या ‘डॉमिनन्स’ या शब्दाने जगभरच्या विद्यार्थ्यांची दिशाभूल केली आहे असं माझं मत आहे. हृदयाच्या मागच्या-खालच्या बाजूला उतरणारी फांदी उजव्या धमनीतून निघाली तर हृदय ‘उजव्या वर्चस्वाचं’, सरकमफ्लेक्समधून निघाली तर ‘डाव्या’, आणि दोघींनी वाटून घेतलं तर ‘समतोल’. शंभरात ऐंशी-पंचाऐंशी माणसं उजवी, हे जवळपास सगळीकडे सापडतं. आता उजवं वर्चस्व म्हटल्यावर कुणालाही वाटेल की उजवी धमनी जास्त रक्त पुरवते. तसं मुळीच नाही. डाव्या कर्णिकेखालच्या जाड जवनिकेचा, म्हणजे खऱ्या पंपाचा, मोठा वाटा बहुतेकांत डावी बाजूच सांभाळते. नाव एका फांदीवरून पडलं आणि चिकटलं. या रकान्यात आमचं दोघींचं क्वचितच वाजलं.

वाजलं ते रामसवर.

डाव्या खोडाचे दोनाऐवजी तीन भाग झाले तर मधली फांदी ती रामस. पुस्तकातल्या चित्रात ती अगदी सुबक त्रिशूळासारखी असते. पडद्यावर काय दिसतं? मधली फांदी कोपऱ्यातून निघते खरी, पण एक मिलिमीटर एलएडीच्या बाजूला. मग तिला एलएडीची पहिली डायगोनल का म्हणू नये? दुसऱ्या माणसात ती सरकमफ्लेक्सकडे सरकलेली, तिला ऑब्ट्यूज मार्जिनल म्हणायला काय हरकत? रक्त तेच, स्नायू तोच, जागा तीच. नाव तेवढं वेगळं. पहिल्या शंभर तपासण्यांनंतर आमची उत्तरं शेजारी ठेवली. कप्पा नावाचा आकडा काढला, म्हणजे नुसत्या योगायोगाने जुळलेली उत्तरं वजा करून खरी एकवाक्यता किती ते पाहिलं. वर्चस्वात आम्ही एकमुखी होतो. रामसमध्ये जणू दोन वेगळ्या देशांतल्या लोकांची हृदयं वाचत होतो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ‘अमुक देशात रामस इतके टक्के’ असली जी वाक्यं मी परीक्षेसाठी पाठ केली, त्यांतला बराच फरक माणसांचा नसून वाचणाऱ्यांचा असणार. प्राध्यापकांनी नियम लिहून दिला. फांदीचं तोंड दोन्ही धमन्यांच्या मधल्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे, आणि ते तिरक्या पुनर्रचित चित्रात नव्हे, मूळ आडव्या कापांवर दिसलं पाहिजे. ते शंभर आम्ही पुन्हा वाचले. भांडणं कमी झाली, संपली नाहीत.

स्नायूपुलाचं प्रकरण याहून रंगतदार. कॉरोनरी धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून, चरबीतून जातात. काहींच्यात एलएडीचा मधला तुकडा स्नायूत बुडी मारतो आणि पुढे परत वर येतो. वरून जाणारा स्नायूचा पट्टा म्हणजे पूल. कोरियनमध्ये ‘शिमगुनग्यो’. जोडीदारणीने फोड करून सांगितलं: शिम म्हणजे हृदय, गुन म्हणजे स्नायू, ग्यो म्हणजे पूल. आपण संस्कृत मुळांवरून शब्द बांधतो तसे ते चिनी मुळांवरून बांधतात. कॉरोनरीलाही त्यांचा शब्द ‘ग्वानसांग दोंगमेक’, मुकुटाच्या आकाराची धमनी. लॅटिनमधला मुकुटच तिकडून फिरून आलेला. बोलताना मात्र तेही सरसकट ‘एल-ए-डी’ म्हणतात, आपल्यासारखंच.

एका रविवारी ती मला छंग्येछनला घेऊन गेली. सोलच्या मधोमध वाहणारा हा ओढा. १९५८ पासून त्यावर काँक्रीटचं झाकण घालत गेले, पुढे झाकणावर उंच रस्ता बांधला. २००३ मध्ये तो रस्ता पाडायला घेतला आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा झाला. पाण्यात पाय सोडून बसलेल्या शाळकरी मुलांकडे बघत ती म्हणाली, “हा आमच्या गावचा शिमगुनग्यो.” मी हसले. इतक्या वर्षांची गाडीवाहतूक डोक्यावर असूनही ओढा खाली वाहतच होता म्हणे. पूल असलेल्या बहुतेक माणसांचंही असंच असतं. ठोक्याच्या वेळी स्नायू आवळला की खालचा तुकडा चेपतो, पण कॉरोनरीत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात वाहतं, म्हणून सहसा बिघडत काही नाही. फार खोल, फार लांब पूल असेल तर थोड्यांना त्रास होतो.

पण मोजायचं कसं? २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एक मोठी बेरीज प्रसिद्ध झाली. शवविच्छेदनात सुमारे ४२ टक्के लोकांत पूल सापडले, सीटीवर २२, आणि मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीत जेमतेम ६. कारण उघड आहे. अँजिओत धमनीच्या आतलं रक्त दिसतं, बाहेरचा स्नायू दिसत नाही. तुकडा चेपताना पकडला तरच पूल कळतो. सीटीत भिंत आणि स्नायू दोन्ही दिसतात. चाकूला तर सगळंच सापडतं. आम्ही दोन मिलिमीटरहून खोल ते खोल, त्याहून कमी ते उथळ असे दोन रकाने केले. धमनी नुसती स्नायूला खेटून जाते, पूर्ण झाकलेली नाही, अशांसाठी पुढे तिसरा करावा लागला. रकाने वाढत गेले तसे ‘नॉर्मल’ लिहिता येतील असे लोक कमी होत गेले. मला ते आवडू लागलं होतं.

आता माझी चूक.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा असेल. रोज ठरावीक संख्या संपवायची म्हणून मी सॉफ्टवेअरवर विसंबायला लागले होते. ते आपोआप धमन्या शोधतं, मध्यरेषा काढतं, रंगीत त्रिमित हृदय फिरवून दाखवतं. फार देखणं दिसतं. पन्नाशीचा एक पुरुष. उजवी धमनी शेवटपर्यंत स्वच्छ, जाडजूड. मी ‘उगम: नेहमीचा’ लिहून पुढे गेले. महिनाअखेरीस न जुळलेल्या उत्तरांची बैठक झाली. क्योसूनिमनी ती केस उघडली, रंगीत हृदय बंद केलं आणि आडवे काप वरून खाली सोडत आणले. एका ठिकाणी माउसचं चाक थांबवलं. बोलले काहीच नाहीत.

उजवी धमनी उजव्या खळग्यातून निघालेलीच नव्हती. ती डाव्या खळग्यातून निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून उजवीकडे गेली होती. तोंड गोल नाही, चिरेसारखं. ही जात धोक्याच्या यादीतली. जोराच्या व्यायामात अशा धमनीला रक्त कमी पडू शकतं, आणि तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे असे उगम सापडलेले आहेत. डावी धमनी उजव्या खळग्यातून निघून त्याच फटीतून गेली तर धोका आणखी मोठा. उलट टोकाचं उदाहरणही आहे. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू पीट मॅराविच डावी कॉरोनरी नसताना दहा वर्षं व्यावसायिक सामने खेळला, आणि १९८८ मध्ये चाळिसाव्या वर्षी मित्रांबरोबर खेळताना कोसळला. शवविच्छेदनापर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

त्या माणसाच्या मूळ रिपोर्टमध्ये ही गोष्ट तेव्हाच नोंदलेली होती, त्यामुळे माझ्या चुकीने त्याचं काही बिघडलं नाही. पण कान लाल व्हायचे ते झालेच. मशीनने डाव्या खळग्यापर्यंत रेषा बरोबर नेली होती, चूक मशीनची नव्हती. उजवी धमनी उजवीकडूनच निघते, हे मी बघण्याच्या आधीच ठरवून बसले होते. वहीत खोड काढून सही मिळवलेली मुलगी मी. “आधी आडवे काप, मग चित्रं,” एवढंच क्योसूनिम म्हणाले आणि पुढची केस उघडली. त्यानंतर मी रंगीत हृदय सगळ्यात शेवटी उघडते. अजूनही.

कोरियातल्या सीटीच्या प्रसिद्ध अभ्यासांत उजव्या धमनीचा हा उगम दुर्मिळ प्रकारांत बराच वर येतो. जुनी पुस्तकं मात्र एका वेगळ्याच बेरजेवर उभी आहेत. अमेरिकेत क्लीव्हलंडला १,२६,५९५ रुग्णांच्या अँजिओग्राफी चाळून १९९० मध्ये यादी प्रसिद्ध झाली. १,६८६ जणांत, म्हणजे सुमारे १.३ टक्क्यांत, वेगळी रचना निघाली. हा आकडा जगभर घोकला जातो. त्या रात्री चिडून मी तो मूळ तक्ता काढला आणि पहिल्याच ओळीवर थबकले. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त सापडलेला प्रकार होता एलएडी आणि सरकमफ्लेक्स वेगवेगळ्या तोंडांनी निघणं. ०.४१ टक्के. माझ्या ट्रेमधलं हृदय! मॅडमना फोन करावासा वाटला. केला नाही.

दोन्हींची तुलना सरळ करता येत नाही, आणि यात वंशाचा भाग किती हे सांगायला मी तरी धजावणार नाही. क्लीव्हलंडचे लोक छातीत दुखतं म्हणून टेबलावर आलेले. आमच्या यादीतले कित्येक जण काहीच होत नसताना आलेले. कोरियात सरकारी आरोग्य विम्याची तपासणी बहुतेक प्रौढांची दोन वर्षांतून एकदा होते. तिच्यात कॉरोनरी सीटी नसते, पण खाजगी पॅकेजमध्ये ती घेता येते आणि पन्नाशीच्या आसपासचे नोकरदार ती हौसेने घेतात. चांगल्यापैकी धडधाकट माणसांची हृदयं इतक्या संख्येने बघायला मिळणं ही चैनच आहे. दुसरी बाजू अशी की पॅकेज घेणाऱ्यांत पुरुष आणि शहरी पगारदार जास्त. तळ्यात जाळं कुठे टाकलं यावर मासे ठरतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या जागा दोन हजारांनी वाढवायची घोषणा झाली आणि देशभरचे निवासी डॉक्टर राजीनामे देऊन बाहेर पडले. आमच्या खोलीतल्या खुर्च्या एका आठवड्यात रिकाम्या झाल्या. क्योसूनिम रात्री अकरापर्यंत रोजचे रिपोर्ट टाकत बसायचे, बैठका लांबत गेल्या. मी परदेशी, संपावर बोलायचा मला हक्क नव्हता आणि पुरेशी भाषाही नव्हती. मी मोजत राहिले. त्याच दिवसांत एका रात्री कँटीन बंद झाल्यावर दुकानातल्या कपातले नूडल्स खाताना जोडीदारीण मला पहिल्यांदा ‘ओन्नी’ म्हणाली. ओन्नी म्हणजे ताई.

मामाचा मधून मधून फोन असायचाच. “आपल्या भारतीयांच्या नळ्याच बारीक असतात म्हणतात, आणि कोरियन लोकांच्या?” मी म्हटलं, मामा, माणूस लहानखुरा असला की धमनीही लहान. शरीराच्या आकारमानाने भागून पाहिलं तर भारतीय आणि गोऱ्यांमधला फरक बराचसा विरघळतो. तो म्हणाला, “मग माझा स्टेंट कशामुळे?” तंबाखूचं नाव काढताच रेंज गेली.

ऑगस्टपर्यंत न जुळलेल्यांची यादी आटत आटत एका केसवर आली. बेचाळीस वर्षांची बाई. मधली फांदी कोपऱ्यात. मी १ दिला होता, जोडीदारणीने ०. नियमात बसते आणि बसतही नाही. तोंड कोपऱ्याला टेकतं, पण एकाच कापावर. वरच्या कापावर ते एलएडीत आहे. क्योसूनिमनी चाक वर-खाली फिरवलं, परत फिरवलं. मग प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला. “काढून दाखवा.”

मी एका बिंदूतून तीन रेषा काढल्या. तिने दोन काढल्या, आणि तिसरी केसभर पुढून. क्योसूनिमनी कागद पडद्याशेजारी धरला. दोन्ही चित्रं बरोबर होती.

त्यांनी रकान्यात ९ टाकला. आमच्या कोडमध्ये ९ म्हणजे ‘ठरवता आलं नाही’. अख्ख्या रकान्यात तो एकच ९ होता. मी फाइल सेव्ह केली, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

“ओन्नी, जेवायला चला,” ती म्हणाली.